नऊ नंबरची जागा कुणासाठी राखीव?

भारताच्या पुरुष फुटबॉल संघाला गोल करता येत नाही, ही आता बातमी राहिलेली नाही. ती सवय झाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशिया चषकात भारत ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असा हरला. तीन सामने झाले आणि एकही गोल झाला नाही. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील सहा सामन्यांत मिळून तीन गोल झाले. त्यातला एक पेनल्टीवरचा होता. त्यानंतर २०२७ च्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत समोर बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर होते. मार्च ते नोव्हेंबर २०२५ या काळात त्यांच्याविरुद्ध झालेल्या पाच सामन्यांत भारताचे दोन गोल झाले. सिंगापूरने मडगावात येऊन २-१ ने हरविले आणि चषकाचे दार बंद झाले. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशनेही १-० ने हरविले. हिशेब सरळ आहे. तीन स्पर्धा, चौदा सामने, पाच गोल. १४० कोटींचा देश आणि पाच गोल!

यावर मोठमोठ्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर भरपूर चर्चा झाली. कुणी प्रशिक्षकाला दोष दिला, कुणी परदेशी खेळाडूंना, कुणी भारतीयांच्या शरीराला, कुणी नशिबाला. आपल्या चळवळीच्या वर्तमानपत्रात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण जिथे संधी कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही हा प्रश्न आहे, तिथे तो प्रश्न आपलाच आहे. सचिवालयातला असो, विद्यापीठातला असो की फुटबॉलच्या मैदानातला असो.

वलगावच्या स्टँडवर संध्याकाळी पोट्टे मोबाईलवर सामना पाहत उभे असतात. त्यातल्या एकाने मला विचारलेला प्रश्न असा होता : "काका, बॉल तं मस्त नेतेत इथपर्यंत. मंग गोलापाशी गेल्यावर काहून पाय कापतेत यायचे?" मोठमोठ्या विश्लेषकांनी दोन वर्षे जे सांगितले, ते या पोराने एका वाक्यात विचारले. त्याचे उत्तर त्याला नीट मिळाले पाहिजे. कारण आज त्याला जी उत्तरे मिळत आहेत, त्यांतली बहुतेक खोटी किंवा अर्धवट आहेत.

सांगितली जाणारी कारणे

पहिले कारण प्रशिक्षकाचे. २०२४ च्या जूनपर्यंत क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच होते. ते गेले. स्पेनचे मानोलो मार्केझ आले. एका वर्षाने तेही गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मुंबईच्या मैदानांवर घडलेले खालिद जमील आले. याच खालिद जमील यांनी २०१६-१७ च्या मोसमात मिझोरामच्या ऐझॉल या अल्प पैशांच्या क्लबला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. म्हणजे माणूस कर्तबगार आहे. पण क्रोएशियाचा आला, स्पेनचा आला, आपला आला, तरी गोलांचा दुष्काळ तोच राहिला. तीन डॉक्टर बदलूनही ताप उतरत नसेल, तर दोष डॉक्टरांत नाही, विहिरीच्या पाण्यात आहे, हे आपल्या गावातल्या आजीबाईलाही कळते.

दुसरे कारण शरीराचे. भारतीय माणूस उंचीला कमी, अंगाने किरकोळ, त्याच्या रक्तातच फुटबॉल नाही, असे बिनदिक्कत बोलले जाते. हे बोलणे आपल्या कानांना ओळखीचे आहे. अमुक जातीच्या रक्तात बुद्धी नाही, तमुक जातीच्या रक्तात शौर्य नाही, हेच आपल्या बापजाद्यांना सांगितले गेले होते. वंशशास्त्रज्ञांनी घेतलेली नाकाची मोजमापे तपासून, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत, असे बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले. ज्या मोजपट्टीने विषमतेचे समर्थन करायचे होते, तीच मोजपट्टी त्यांनी विषमतेविरुद्ध वापरली. फुटबॉललाही तीच मोजपट्टी लावू. लिओनेल मेस्सी किती उंच आहे? सुमारे १७० सेंटिमीटर. आपला सुनील छेत्रीही जवळपास तेवढाच. त्या छेत्रीने भारतासाठी ९५ गोल केले. केप व्हर्दे नावाच्या बेटांची लोकसंख्या आपल्या अमरावती शहराहून कमी आहे. तो देश ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वचषकासाठी पात्र ठरला. मग रक्ताची गोष्ट उरते कुठे?

तिसरे कारण पासपोर्टचे. परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना संघात घ्या, म्हणजे प्रश्न सुटेल, असे म्हणतात. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, म्हणून अडते, हे खरे आहे. केप व्हर्देने परदेशातल्या आपल्या मुलांचा उपयोग करून घेतला, हेही खरे आहे. मिळाला एखादा खेळाडू तर जरूर घ्यावा. पण घरात कोट्यवधी पोरे असताना गोल करणारा पाय परदेशातून मागवावा लागणे, हे उत्तर नव्हे. ती अपयशाची कबुली आहे.

बिंदुनामावलीतला खेळ

चौथे कारण मात्र गंभीर आहे. ते परदेशी आघाडीवीरांचे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. त्या मोसमापासून २०२४-२५ पर्यंत अकरा मोसम झाले. या अकरा मोसमांत सर्वाधिक गोलांसाठीचा 'गोल्डन बूट' एकदाही भारतीय खेळाडूच्या नावावर लागला नाही. २०२४-२५ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरोक्कन अलाएद्दीन अजाराईने २३ गोल केले. भारतीयांत पहिला कोण होता? चाळीस वर्षांचा सुनील छेत्री, १४ गोल. जून २०२४ मध्ये त्याने भारतीय संघातून निवृत्ती घेतली होती. त्याची जागा घेणारा कुणी सापडेना, म्हणून मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावले गेले. चाळिशीतल्या माणसाला दाराबाहेरून परत बोलवावे लागते, यातच मागच्या पिढ्यांचे काय झाले ते कळते.

आता या लीगचा नियम पाहा. सुरुवातीला मैदानावर किमान पाच भारतीय असावेत असा नियम होता. २०१७-१८ पासून किमान सहा, २०२१-२२ पासून किमान सात झाले. याला मराठीत काय म्हणतात? याला आरक्षण म्हणतात! ज्यांना सरकारी नोकरीतले आरक्षण म्हणजे गुणवत्तेचा खून वाटतो, त्यांपैकी कुणीही या सात जागांविरुद्ध मोर्चा काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. भारतीय खेळाडूला पाय रोवायला वेळ मिळावा, त्याला संधी मिळाल्याशिवाय तो तयार होणार नाही, हा युक्तिवाद सगळ्यांना पटतो. अगदी बरोबर आहे. हाच युक्तिवाद आम्ही शंभर वर्षांपासून करतो आहोत.

पण आपण आरक्षणाची दुसरी बाजूही जाणतो. जागा राखीव असतात, पण कोणत्या? शिपायाच्या, सफाईगाराच्या जागा तत्काळ भरल्या जातात. वर्ग एकच्या पदापाशी आले की 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा पडतो आणि अनुशेष वाढत जातो. फुटबॉलमध्ये नेमके तेच झाले. सात भारतीय खेळवायचे ना? मग गोलरक्षक भारतीय, बाजूचे बचावपटू भारतीय, विंगवर धावणारे भारतीय. आणि गोलसमोरची नऊ नंबरची जागा? ती परदेशी. क्लबच्या मालकाला याच मोसमात जिंकायचे असते. वीस वर्षांच्या भारतीय पोराच्या चार चुका पोटात घालण्यापेक्षा तीस-पस्तिशीतला तयार परदेशी आणणे त्याला स्वस्त पडते. बिंदुनामावली कागदावर पूर्ण भरलेली असते, पण गोल मारण्याचा बिंदू आपल्या वाट्याला येत नाही.

परिणाम काय? भारतीय खेळाडू वर्षभर क्लबमध्ये विंगवरून धावतो, क्रॉस टाकतो आणि शेवटचा फटका दुसऱ्यासाठी ठेवतो. मग एके दिवशी निळी जर्सी घालून उतरला की त्याला म्हणतात, आता तूच मार. वर्षभर ज्याने स्वयंपाकघरात फक्त भाजी चिरली, त्याला लग्नाच्या पंगतीचा आचारी केले तर काय होईल? मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशविरुद्ध ०-० झाला, तेव्हा हेच दिसले. त्या पोराने विचारलेल्या 'पाय काहून कापतेत' या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. भित्रेपणामुळे पाय कापत नाहीत. तिथे उभे राहण्याची सवयच लागू दिलेली नाही, म्हणून कापतात.

ही गोष्ट नवी नाही. पळवणकर बाळू पुण्याच्या जिमखान्यात इंग्रज साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. चर्मकार समाजातला हा थोर खेळाडू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. पण त्या जिमखान्यात सरावासाठी बॅट मात्र त्याच्या हातात दिली गेली नाही. राबायचे त्याने, फटके मारायचे साहेबाने. हिंदू संघात खेळू लागल्यावर चहा वेगळ्या मडक्यातून मिळाला आणि कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळाले, तेही बरीच झुंज दिल्यावर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि ते हरले, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. इथे मुद्दा एवढाच आहे की, खेळातही कष्टाच्या जागा आणि मानाच्या जागा वेगळ्या असतात. त्या कुणी वाटल्या, हे विचारावे लागते.

गोल करणारे कुठून येत होते?

तरीही सगळा दोष या लीगवर टाकला तर ते अर्धसत्य होईल. २०१४ पूर्वी काय गोलांचा पाऊस पडत होता? नाही. दुष्काळ जुना आहे. तो कधी सुरू झाला हे पाहायचे तर आधी सुगी कधी होती ते पाहिले पाहिजे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सकडून २-१ ने हरले, दोन पेनल्टी हुकल्या. १९५१ आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्णपदक मिळाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तिथे १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ ने हरविले आणि मूळच्या गोव्याच्या, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई.

तो डिसेंबर आपल्याला वेगळ्या कारणाने आठवतो. पाचच दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना इथेच वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. एकाच महिन्यात दोन बाप गेले. त्याच महिन्यात भारताचा फुटबॉल शिखरावर होता आणि आपल्या वस्त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्या काळातले गोल करणारे कुठून येत होते? मुंबईच्या कंपन्यांच्या संघांतून, रेल्वेतून, हैदराबादच्या पोलिसांतून. पी. के. बॅनर्जी रेल्वेचे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबाद पोलिसांचा संघ घडवून आले होते. पुढच्या काळातही हेच दिसते. त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकणारा आय. एम. विजयन केरळ पोलिसांत लागला, म्हणून देशाला एक अस्सल आघाडीवीर मिळाला. २०२५ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. गरिबाचा पोरगा चेंडूमागे तेव्हाच धावतो, जेव्हा त्या धावण्याच्या शेवटी महिन्याचा पगार असतो. खात्याचा संघ म्हणजे नोकरी, नोकरी म्हणजे घरातली चूल.

मग काय झाले? खासगीकरण आले, कंत्राटी पद्धत आली, खात्यांचे आणि कंपन्यांचे संघ बंद पडू लागले. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. त्यांच्या जागी चकचकीत क्लब आले. २०२५ च्या जुलैमध्ये करारांच्या घोळात तीच मोठी लीग स्थगित झाली, तेव्हा तिथल्या खेळाडूंनाही कळले की कंत्राटी माणसाचे भविष्य किती दिवसांचे असते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. पण बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे याच राज्यात उघडकीस आली. खऱ्या खेळाडूची जागा खोट्या कागदाने खाल्ली. खोट्या जात प्रमाणपत्रांचा अनुभव असलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

वर्षातून एक सामना

आता वलगावच्या बाजूने पाहू. गोल मारणारा पाय जन्माला येत नाही, तो घडतो. गोलसमोर चेंडू आला की विचार करायला अर्धा सेकंद असतो. त्या अर्ध्या सेकंदात चेंडू अडवायचा, की तसाच मारायचा, कोणत्या पायाने, कोणत्या कोपऱ्यात, हे पायाला आधीच ठाऊक असावे लागते. ते ठाऊक होते फक्त एका मार्गाने : आठ-दहा वर्षांच्या वयापासून हजारो वेळा तीच परिस्थिती अनुभवून आणि शेकडो सामने खेळून. बचाव मोठेपणी शिकविता येतो, रांग धरून उभे राहणे शिबिरात शिकविता येते. गोलसमोरचा निर्णय मात्र उशिरा शिकविता येत नाही. म्हणून ज्या देशात लहान मुलांना सामने मिळत नाहीत, त्या देशाचे बचावपटू बरे असतात आणि आघाडीवीर कमजोर असतात. हे माझ्या मते या दुष्काळाचे मूळ कारण आहे.

आमच्या जिल्ह्यात खेड्यातल्या मुलाला किती सामने मिळतात? शाळेचा संघ सुब्रतो चषकाच्या किंवा शालेय स्पर्धांच्या तालुका-जिल्हा पातळीवर जातो. स्पर्धा बाद पद्धतीची. समोर शहरातली मैदानवाली शाळा आली की पहिल्याच सामन्यात बाहेर. सकाळी एसटीने गेले, दुपारी हरले, संध्याकाळी परत आले. वर्षाचा फुटबॉल संपला! उरलेले ३६४ दिवस तो पोरगा काय करणार? ज्याला सर्वांत जास्त सामन्यांची गरज आहे, त्यालाच ही पद्धत सर्वांत आधी घरी पाठविते. ही स्पर्धेची रचना नव्हे, ही गाळणी आहे. आपल्या मुलांनी दहावी-बारावीच्या, सीईटीच्या गाळण्या पाहिल्या आहेत. ही त्यांचीच बहीण आहे.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत क्रीडाशिक्षकाचे पद नाही. आणि हे कोणत्या जिल्ह्यात? ज्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, ज्या शहरातून शारीरिक शिक्षणाच्या पदव्या घेऊन तरुण बाहेर पडतात, त्या जिल्ह्यात! पदवीधर बेकार आणि शाळेचे मैदान रिकामे. दोघांच्या मध्ये एक शासन निर्णय आडवा आहे.

सरकारने काही केले नाही असे नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' झाले. राज्यभर दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा म्हणून शाळांना चेंडू वाटले गेले. फोटो निघाले. त्यानंतरच्या महिन्यात सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीला होता, याचा अभिमान आहे. पण तिथेही तीन सामन्यांत भारताचा गोल एकच, कोलंबियाविरुद्धचा, आणि तोही मध्यरक्षक जॅक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने मारलेला. त्या एका दिवसाच्या चेंडूंचे पुढे काय झाले? चेंडू वाटून फुटबॉल येत असता, तर पुस्तके वाटून शिक्षण आले असते. २०२३ मध्ये बायर्न म्युनिकच्या नावाचा चषक झाला. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा 'महादेवा' प्रकल्पाचा प्रारंभ झाला आणि तेरा वर्षांखालील ६० मुलामुलींना शिष्यवृत्ती जाहीर झाली. त्या साठांचे भले होवो. पण वरून साठ वेचणे आणि खाली साठ हजारांना खेळविणे यांत फरक आहे. मुळाला पाणी न घालता शेंड्यावर फवारा मारणे, हा आपल्या देशाचा जुना छंद आहे. उझबेकिस्तानने मुळाला पाणी घातले. २०२३ मध्ये वीस वर्षांखालील आशिया चषक जिंकला आणि २०२५ मध्ये मुख्य संघ प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला.

आपल्यातच उत्तरे आहेत

विदर्भाकडे उत्तर नाही असे नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटक्या बादलीला लाथा मारणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली आणि २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल उभा केला. त्यातून अखिलेश पॉलसारखा तरुण २०१० मध्ये रिओच्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये 'झुंड' काढला, तेव्हा पडद्यावर त्या पोरांबरोबर बाबासाहेबांची जयंतीही आली, हे उगीच नव्हे. 'जयभीम' हे अभिवादन रुजविणाऱ्या बाबू हरदासांच्या कामठीत रब्बानी क्लबची पोरे पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळत आली आहेत. बारसे सरांनी, कामठीच्या वस्तीने आधी मैदान आणि सामना दिला. गुणवत्ता नंतर आपोआप दिसली.

आणि पोरींकडे पाहा. पुरुषांचा संघ चौदा सामन्यांत पाच गोल करीत होता, त्याच काळात, जून-जुलै २०२५ मध्ये, भारताच्या महिला संघाने आशिया चषकाच्या पात्रता फेरीत चार सामन्यांत २४ गोल केले. मंगोलियाला १३-० आणि निर्णायक सामन्यात बलाढ्य थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरविले. ते दोन्ही गोल पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून महिला आशिया चषक गाठण्याची ही पहिलीच वेळ. मंगोलिया दुबळा संघ होता, हे मान्य. पण थायलंड नव्हता. ज्यांना पैसा कमी, प्रसिद्धी कमी, त्यांनी गोल केले. मग भारतीय रक्तात गोल नाही म्हणणाऱ्यांनी आता तोंड बंद करावे.

आपल्याच चळवळीतून एक आक्षेप येतो, त्याला टाळून चालणार नाही. वडीलधारी माणसे म्हणतात, "आधी शिकू द्या पोरांना. खेळून कुणाचं पोट भरलं?" ही भीती खोटी नाही. एका पिढीने पोटाला चिमटा काढून मुलांना शिकविले, म्हणून आज आपण लिहितो-वाचतो. पण मैदान आणि शाळा यांना एकमेकांविरुद्ध उभे कुणी केले? श्रीमंतांच्या शाळेत दोन्ही असतात. तिथे पोहण्याचा तलाव असतो आणि आयआयटीचा वर्गही असतो. आपल्याच पोरांनी दोन्हीपैकी एक निवडावे, हा नियम कोणत्या स्मृतीत लिहिला आहे? आणि जो पोरगा दहावीत नापास होऊन कॅटरिंगमध्ये ताटे उचलतो आहे, त्याला मैदानही नाही आणि शाळाही नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे काय आहे?

म्हणून काही गोष्टी मागितल्या पाहिजेत आणि काही आपण केल्या पाहिजेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या निधीतून रस्ते, नाल्या, समाजमंदिरे होतात. ग्रामसभेत उठून मैदानही मागा. गावाच्या गायरानावर अतिक्रमण होण्याआधी दोन गोलपोस्ट रोवा. तालुक्याच्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धतीने घ्या, हरलेल्या शाळेलाही वर्षात किमान दहा सामने मिळू द्या, अशी मागणी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे संघटनांनी लावून धरावी. प्राथमिक शाळेत क्रीडाशिक्षकाचे पद निर्माण करा, ही मागणी शिक्षक संघटनांनी पगाराच्या मागणीइतक्याच जोराने करावी. आणि लीगच्या क्लबांनी नऊ नंबरची जागा ठरावीक मिनिटे भारतीय तरुणालाच द्यावी, असा नियम महासंघाने करावा. आरक्षण द्यायचे तर ते निर्णयाच्या जागेवर द्या.

आपल्या बाजूने एक गोष्ट आजच करता येते. १४ एप्रिलला प्रत्येक वस्तीत वर्गणी जमते. डीजेवर एका रात्रीत जे जाते, त्यातल्या चौथ्या हिश्शात पंचक्रोशीतल्या आठ वस्त्यांच्या बारा वर्षांखालील मुलामुलींची वर्षभराची साखळी स्पर्धा होऊ शकते. दर रविवारी एक सामना, बुद्धविहाराजवळच्या मोकळ्या जागेत. बक्षीस नको, ढाल नको, पुढाऱ्याचे भाषण नको. चेंडू हवा, शिट्टी हवी आणि पुढच्या रविवारचा सामना ठरलेला हवा. गाडगेबाबांनी आयुष्यभर देऊळ बांधले नाही. धर्मशाळा बांधल्या, शाळांना हातभार लावला, हातात खराटा घेतला. जिथे कचरा दिसला तिथून झाडायला सुरुवात केली, कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. २० डिसेंबरला वलगावला येणाऱ्यांनी एवढे तरी घरी न्यावे.

स्टँडवरच्या त्या पोराला आमचे उत्तर असे आहे. बाबू, निळ्या जर्सीतल्या त्यांचे पाय भितीने कापत नाहीत, आणि तुझ्या पायांतही काही कमी नाही. तुला खेळायला वर्षातून एक सामना दिला, त्यांना गोलसमोर उभे राहायला वर्षातून दहा मिनिटे दिली. ज्यांनी हे वाटप केले, त्यांना विचार. आणि विचारता विचारता येत्या रविवारी तुझ्यापेक्षा लहान दहा पोरापोरींना गोळा करून मैदानावर घेऊन ये.

जयभीम!